दोन आनंदराव आणि एक बाटली

पुण्याच्या संपादकांनी पत्र पाठवून गमती मागितल्या आहेत. बावीस वर्षं इस्पितळात काढलीत, तऱ्हेवाईक माणसं भेटली असतील, दिवाळीत वाचकांना हसवेल असं काही लिहा, असं त्यांचं म्हणणं. माणसं भेटली, हसवणारीही भेटली. पण लिहायला बसलो की लेखणी त्यांना सोडून एकाच दुपारकडे वळते. तीनदा कागद फाडले. आता ठरवलं की दोन-तीन गमती आधी सांगून टाकाव्या, म्हणजे संपादकांचा मान राहील, आणि मग त्या दुपारचं सांगावं. ज्यांना नुसतंच हसायचं आहे त्यांनी मध्येच पान उलटलं तरी माझी तक्रार नाही.

मी डॉक्टर नव्हे. आमच्या तंजावरच्या एका इस्पितळात प्रयोगशाळेत होतो. थुंकी, लघवी, रक्त तपासायचं आणि कागदावर लिहून द्यायचं, एवढीच माझी विद्या. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी इस्पितळात रक्ताच्या बाटल्या ठेवायला एक मोठा फ्रिज आला आणि रक्त काढणं, जुळवणं, सांभाळणं हे खातं माझ्याकडे आलं. तमिळमध्ये रक्ताला रत्तम म्हणतात. तेव्हापासून मी गावात रत्तराव झालो. भाजीवालीसुद्धा त्याच नावानं हाक मारायची, आणि आमच्या घरच्या मंडळींना ते ऐकून भर बाजारात लाज वाटायची.

रक्ताचं शास्त्र समजायला सोपं आहे. माणसाच्या रक्ताचे चार गट. ए, बी, एबी आणि ओ. एका गटाला भलताच गट चढवला तर आतल्या आत रक्त फुटतं आणि माणूस जातो. म्हणून रोग्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत आणायचं, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर थेंब टाकून गट पाहायचा, मग देणाऱ्याच्या रक्ताशी ते मिसळून बघायचं. नासलेल्या दुधासारखे कण दिसले तर जुळत नाही. एकसारखं राहिलं तर जुळलं. जुळल्यावर बाटलीच्या गळ्यात रोग्याच्या नावाची चिठ्ठी बांधायची आणि बाटली वॉर्डात पाठवायची. नर्स चिठ्ठीवरचं नाव आणि खाटेवरचं नाव ताडून पाहते, मग सुई लावते. नळीवर नाव लिहिण्यापासून बाटली लावण्यापर्यंत तीन माणसं तेच नाव तीनदा वाचतात. मला या व्यवस्थेचा फार अभिमान होता.

पहिली गंमत एका मिरासदाराची. तिरुवैयारुकडचा मोठा जमीनवाला, पोटातल्या व्रणातून रक्त गेलेलं, चेहरा कागदासारखा पांढरा. तरी आधी मला बोलावून बाटलीतलं रक्त कुठल्या जातीच्या माणसाचं ते विचारलं. मी म्हटलं, अय्या, आमच्याकडे चारच जाती आहेत आणि तुमची बी आहे. बी जातीची एकच बाटली शिल्लक आहे, ती नको असेल तर शेजारच्या खाटेवाला वाट बघतोय. त्यांनी डोळे मिटून हात पुढे केला. बरे होऊन घरी जाताना नारळाची गोणी पाठवली आणि निरोप दिला की बी जातीच्या त्या माणसालाही अर्धे द्या. तो माणूस म्हणजे आमच्याच इस्पितळाचा झाडूवाला होता. नारळ त्याला पोचवले.

दुसरी एका गानशिक्षकाची. बहिणीच्या बाळंतपणात रक्त लागलं म्हणून द्यायला आले, पण सुई बघून विचारायला लागले की रक्त गेल्यावर वरचा षड्ज लागेल का. मी म्हटलं लागेल. रक्त दिलं आणि आठवड्यानं ते मुद्दाम माझ्या प्रयोगशाळेत येऊन, लघवीच्या बाटल्यांच्या मध्ये उभे राहून, वरचा षड्ज लावून दाखवून गेले. बहीणही वाचली होती. असे दिवस पुष्कळ आले, ते नाकारत नाही.

तिसरी गोष्ट गमतीचीच म्हणून मी वर्षानुवर्षं सांगत आलो आणि लोक हसत आले. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सासऱ्याचंही घेत नाहीत. तमिळ बायकांचीही तीच रीत आणि आम्हा तंजावरी मराठ्यांची तर जास्तच कडक. आता इस्पितळात नवरा बेशुद्ध आणि जवळ एकटी बायको, तेव्हा नाव कोण सांगणार? एखादी म्हणायची, पळणीच्या डोंगरावरच्या देवाचं नाव. एखादी चौकातल्या तेलाच्या दुकानाची पाटी वाचा म्हणायची. डॉक्टर वैतागायचे. मी मात्र या कामात तयार झालो होतो. मी कोडं घालून घेत बसायचो नाही. हातातल्या कागदावरचं नाव मीच मोठ्यानं वाचायचो आणि विचारायचो, हेच ना? बाई मानेनं हो म्हणायची. तिची रीत राहायची, माझं काम व्हायचं. वॉर्डात कुणी अशी मुकी बाई आली की नर्सा म्हणायच्या, रावांना बोलवा.

इथे पान उलटायचं असेल तर उलटावं.

आमच्या राजवाड्याच्या मागच्या गल्लीत दोन भाऊ एकत्र राहत. थोरले गणपतराव, कचेरीत कारकून. धाकटे कृष्णराव, शाळेत शिक्षक. त्यांचे वडील आनंदराव मोठे करारी गृहस्थ होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजोबाचं नाव थोरल्या नातवाला ठेवायचं ही आमची जुनी पद्धत. या घरात दोघा भावांनी आपापल्या पहिल्या मुलाला वडिलांचंच नाव ठेवलं, कारण कुणीच मागे हटायला तयार नव्हता. त्यामुळे घरात दोन आनंदराव. बापाच्या नावाचं आद्याक्षर पुढे लावायची इकडची पद्धत, म्हणून शाळेच्या दाखल्यावर एक जी. आनंदराव आणि दुसरा के. आनंदराव. पण मुलांच्या आयांना हे नाव उच्चारायची सोय नव्हती, ते सासऱ्याचं नाव. त्या थोरल्याच्या मुलाला अंबी म्हणत आणि धाकट्याच्या मुलाला राजा. सगळी गल्लीही तेच म्हणायची. अंबी बावीस वर्षांचा होता, नुकताच रेल्वेत लागलेला. राजा त्याहून तीन वर्षांनी लहान, कॉलेजात.

ही माणसं मला अनोळखी नव्हती, पण ओळख दुरून नमस्कार करण्याइतकीच. पोरांना मी लहानपणी पाहिलं होतं. मोठी झाल्यावर दोघं सारखीच दिसत, आजोबांचं रुंद कपाळ दोघांनाही आलं होतं. दोघांचं खरं नाव एकच आहे आणि कुठली आई कुणाची, हे मला नंतर कळलं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. जवळची ओळख असती तर पुढचं घडलं नसतं, एवढंच.

तिरुवैयारुला एक लग्न होतं. परत येताना बस कालव्याच्या बांधावरून घसरून कलंडली. बाकीच्यांना खरचटण्यावर भागलं. पुढच्या बाकावर अंबी आणि राजा हे दोघं चुलतभाऊ बसले होते. राजाचा हात मोडला. अंबीच्या बरगड्यांखाली बाकाचा लोखंडी दांडा बसला. वरून काही दिसत नव्हतं, पण पोट फुगायला लागलं होतं आणि नाडी पळत होती. आत प्लीहा फुटली की असं होतं. सर्जनसाहेबांनी पाहिल्याबरोबर सांगितलं की पोट उघडावं लागेल आणि आधी रक्त पाहिजे. दुपारचे अडीच वाजले होते.

माझ्या हातात चिठ्ठी आली. जी. आनंदराव, पुरुषांचा शस्त्रक्रियेचा वॉर्ड, रक्त जुळवा, तातडीचं. खाटेचा आकडा घाईत लिहायचा राहिला होता. मी नळ्यांचा ट्रे घेऊन निघालो.

दोन्ही पोरांना शेजारशेजारच्या खाटा दिल्या होत्या. पण मी पोचलो तेव्हा अंबी तिथे नव्हता, त्याला फोटो काढायला क्ष-किरणांच्या खोलीत नेलं होतं, आणि त्याची आई, थोरली जाऊ पद्माबाई, स्ट्रेचरबरोबर गेली होती. त्याची खाट रिकामी. शेजारच्या खाटेवर राजा, दुखणं थांबायला मॉर्फिया दिलेला, गाढ झोपलेला, गळ्यापर्यंत चादर. मोडलेला हात चादरीखाली. त्याचं नाव लिहिलेलं खाटेचं तिकीट प्लास्टरच्या खोलीत गेलेलं. उशाशी त्याची आई रुक्मिणीबाई बसलेली. मला एक आनंदराव पाहिजे होता आणि समोर एक तरणा पोरगा निपचित पडलेला होता.

वॉर्डात त्या दिवशी नवी सिस्टर होती, अन्नम्मा. केरळातून नुकतीच शिकून आलेली, दोन महिने झाले असतील. तिला नर्सिंगच्या शाळेत शिकवलं होतं की नाव रोग्याच्या नाहीतर नातेवाइकाच्या तोंडून वदवून घ्यायचं, आपण सांगायचं नाही. तिनं तिच्या मोडक्या तमिळमध्ये रुक्मिणीबाईंना विचारलं, मुलाचं नाव काय? त्या पदर सारखा करत खाली बघत राहिल्या. सिस्टरनं विचारलं, वडिलांचं नाव काय? त्या तशाच गप्प.

मला त्या नवख्या पोरीची दया आली आणि थोडं हसूही आलं. मी तिला म्हटलं, सिस्टर, आमच्या बायका ही नावं घेत नाहीत, बाईंना त्रास देऊ नका, मी बघतो. आणि मी मराठीत विचारलं.

“अक्का, आनंदरावच कीं?”

त्या मानेनं हो म्हणाल्या. खरंच होतं. त्यांचा मुलगा आनंदरावच होता.

सिस्टर अन्नम्मा म्हणाली, सार, वडिलांचं नाव? मी म्हटलं, ते तर त्यांच्या नवऱ्याचं, ते तर मुळीच नाही घेणार. मी दंडाला रबर बांधला, रक्त काढलं, नळीवर पट्टी चिकटवली आणि चिठ्ठीवरून नाव उतरवून घेतलं. जी. आनंदराव. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. सिस्टर माझ्याकडे बघत होती, पण मी वयानं आणि नोकरीनं मोठा, ती पुढे बोलली नाही.

नंतर मी अनेकदा विचार केला. त्या बाईच्या मुलाचं नाव म्हणजे तिच्या सासऱ्याचं नाव आणि त्याचं आद्याक्षर म्हणजे तिच्या नवऱ्याचं नाव. पोटच्या पोराचं नाव पुढून घ्या की मागून घ्या, ते तिच्या तोंडाला बंद होतं. आणि मी त्या बंद दारापाशी हुशारी करून, मीच आतून बोललो.

प्रयोगशाळेत गट आला ए. बाहेर रक्त द्यायला घरची माणसं उभी होती. गणपतरावांचं जुळलं नाही. कृष्णराव पुढे झाले, पुतण्यासाठी म्हणून बाही वर करूनच आले होते. त्यांचंही ए. मिसळून पाहिलं, थेंब स्वच्छ, एक कण नाही. इतकं सुरेख जुळलेलं रक्त मी फार थोड्या वेळा पाहिलं होतं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, घरचंच रक्त ते, जुळणारच. ते टेबलावर पडून राहिले आणि बाटली भरत आली तेव्हा विचारलं, अजून थोडं घेता येईल काय? मी म्हटलं, एका वेळी एवढंच.

बापाचं रक्त मुलाच्या रक्ताशी जुळलं होतं. नळीत त्यांच्या स्वतःच्या मुलाचं रक्त होतं.

बाटलीच्या गळ्यात मी चिठ्ठी बांधली, जी. आनंदराव. शस्त्रक्रियेच्या खोलीत टेबलावर खरोखरच जी. आनंदराव होता. नर्सनं चिठ्ठी वाचली, तिकीट वाचलं, दोन्ही तंतोतंत सारखी. बाटली लावली. मी ज्या व्यवस्थेचा अभिमान बाळगत होतो तिनं आपलं काम चोख केलं. पहिल्या पायरीवरची चूक पुढे प्रत्येकानं वाचून, ताडून, खात्री करून रोग्याच्या शिरेपर्यंत पोचवली. अंबीचा गट ओ होता.

जागा माणूस असता तर बोलला असता. भलतं रक्त शिरलं की छाती आवळते, कंबर फुटते, माणूस ओरडतो. अंबी ईथरच्या भुलीखाली झोपलेला होता. त्याचा रक्तदाब उतरला तो प्लीहेमुळे वाटला. जखमेतून रक्त ओघळत राहिलं, तेही फुटलेल्या प्लीहेच्या नावावर गेलं. अर्ध्या तासानं हुडहुडी भरली, आणि हुडहुडीचं आमच्याकडे कुणाला नवल नव्हतं. सलाइन आम्हीच इस्पितळात उकळून तयार करत असू, दर चौथ्या-पाचव्या माणसाला त्यानं थंडी वाजायचीच. कांबळं घालायचं आणि पुढे जायचं ही सवय पडली होती. प्लीहा काढली, पोट शिवलं. साहेब हात पुसत बाहेर आले आणि वाचला म्हणाले. गणपतरावांनी त्यांचे पाय धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातून लघवीची बाटली तपासायला आली. थोडीशीच होती आणि रंग कॉफीच्या डिकॉक्शनसारखा काळा. मी ती उजेडाकडे धरली. हा रंग मी पुस्तकात वाचलेला होता, भलतं रक्त आत फुटलं की येतो तो. मी ट्रे न घेता नुसती एक सुई आणि नळी घेऊन वॉर्डात धावलो. आता दोन्ही खाटांवर दोघं होते आणि दोन्ही तिकिटं लटकत होती. एक हात प्लास्टरमध्ये असलेला राजा उठून तांदळाची कांजी पीत बसला होता. काल मी ज्याच्या दंडाला रबर बांधला होता तो हा, हे एका क्षणात कळलं. त्याच्या दंडावर सुईची निळी खूण होती. अंबीच्या दंडावर फक्त बाटली लावल्याची होती.

तरी मी रक्त काढून नेलं आणि फरशीवर थेंब टाकले. ओ. पुन्हा टाकले. ओ. पाच वेळा टाकले.

मी सर्जनसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तेवढं मी केलं. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं, मग उठून जे औषध होतं ते सगळं द्यायला लावलं. पण मूत्रपिंडं बंद पडली की त्या काळात आमच्या हातात काही नव्हतं. आम्ही मोजून पाणी देत राहिलो आणि लघवीची वाट बघत राहिलो. अंबी शुद्धीवर होता. तिसऱ्या दिवशी तोंड सुजलं. मला बघून म्हणाला, अण्णा, रेल्वेत रजेचा अर्ज द्यायला सांगा. पद्माबाई रोज बृहदीश्वराची विभूती आणून त्याच्या कपाळाला लावत. सहाव्या दिवशी दुपारी तो गेला.

दाखल्यावर साहेबांनी लिहिलं, अपघातातील इजा आणि त्यामुळे बसलेला धक्का. मला म्हणाले, राव, खरं कारण बाहेर पडलं तर या जिल्ह्यात उद्यापासून कुणी रक्त देणार नाही आणि कुणी घेणार नाही. तुम्ही आणि मी एका माणसाला मारलं, त्यापायी शंभर मरतील. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मला ते खोटं वाटावं अशी इच्छाही नव्हती, कारण त्यात माझी सुटका होती.

इस्पितळाच्या आतल्या कागदांसाठी मात्र त्यांनी माझ्याकडून खुलासा मागितला. तो खुलासा मी माझ्या चांगल्या इंग्रजी अक्षरात लिहिला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. त्याचा अर्थ असा की नाव विचारले असता रोग्याजवळ बसलेल्या नातेवाईक स्त्रीने होकार दिला. एक शब्द खोटा नाही. नाव कुणी सांगितलं ते मात्र त्यात नाही. सिस्टर अन्नम्मा दोनदा विचारत होती तेही नाही. तिला कुणी विचारलं नाही आणि चार महिन्यांनी तिची बदली झाली.

आतले कागद आत राहत नाहीत. इस्पितळाचा एक कारकून त्याच गल्लीत राहायचा. खरं कारण काय ते त्याला पुरतं कळलं नव्हतं, पण माझं ते वाक्य त्यानं वाचलं होतं. महिन्याभरात गल्लीत बोलणं झालं की रक्ताच्या वेळी काहीतरी घोटाळा झाला आणि धाकट्या जावेनं भलत्यालाच हो म्हटलं. कुणी म्हणालं, वेंधळेपणानं. कुणी त्याहून वाईट बोललं, की आपल्या पोराला रक्त मिळावं म्हणून. पद्माबाई ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या आणि पोटचा पोर गेलेल्या बाईला शहाणपण शिकवणार कोण? पंचवीस वर्षं एका चुलीवर जेवलेल्या घरात दोन चुली झाल्या. अंबीच्या वर्षश्राद्धाला रुक्मिणीबाईंना ओसरीच्या आत घेतलं नाही, असं माझ्या घरी कळलं.

कृष्णराव एकदा रस्त्यात भेटले. त्यांच्यापर्यंत ते बोलणं पोचलं होतं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी थांबवून विचारलं, “राव, माझें रक्त त्याला कामीं आलें कीं नाही?” मी म्हटलं, आलं, त्यामुळेच सहा दिवस निघाले. ते म्हणाले, सहा दिवस आईला बघायला तरी मिळाला.

मी जन्मभर बोललेल्या सगळ्या खोट्यातलं ते सगळ्यात मोठं खोटं, आणि ते बोलून मला बरं वाटलं होतं, हे लिहायला हवं.

रुक्मिणीबाई माझ्याकडे आल्या त्या श्राद्धानंतर थोड्याच दिवसांनी. सकाळी अकराचा सुमार, प्रयोगशाळेत मी एकटाच, फरशीचे तुकडे धूत होतो. दारात उभ्या राहिल्या. मी स्टूल पुढे केलं, पण त्या बसल्या नाहीत. मला वाटलं भांडायला आल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“अण्णा, आतां विचारा मला,” त्या म्हणाल्या.

मला कळेना काय विचारायचं ते.

“त्या सिस्टरनें विचारलें तसें. पोराचें नांव काय, बापाचें नांव काय. तसें विचारा.”

मी म्हटलं, अक्का, आता कशाला ते. त्या हलल्या नाहीत. मग मी विचारलं. मुलाचं नाव काय? त्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, आनंदराव. वडिलांचं नाव काय? कृष्णराव. दोन्ही नावं त्यांनी सावकाश, स्पष्ट उच्चारली. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी ती पहिल्यांदा घेतली असावीत. माझ्या प्रयोगशाळेत, लघवीच्या बाटल्यांसमोर.

“बघा,” त्या म्हणाल्या, “आलें कीं तोंडांत. कांहीं झालें नाही. त्या दिवशीं तुम्ही विचारलेंच नाही अण्णा, तुम्हीच नांव सांगट्लांत, मी होय मणट्लें. विचारून थांबले असतांत तर सांगट्लें असतें. जाऊबाईंच्या पोराचा जीव होता. मी नांव न घेत बसलें असतें काय?”

मी त्यांच्या रीतीला जपलं असं वर्षभर स्वतःला समजावत होतो. त्या एका वाक्यात ते गेलं. आडवी आली ती रीत नव्हती. त्या बाईला थोडा वेळ पाहिजे होता, आणि मी घाईत होतो, आणि मला एका नव्या पोरीसमोर माझी हुशारी दाखवायची होती.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तुमची काही चूक नाही, मी तुमच्या मानेवर माझी चूक ठेवली, मी येतो तुमच्या जाऊबाईंकडे आणि सांगतो, एवढी तीन वाक्यं. मी म्हटलं, घरी जा अक्का, ऊन वाढतंय. त्या गेल्या.

त्यानंतर नोकरीच्या उरलेल्या वर्षांत मी कुणाच्याही नातेवाइकाला आपणहून नाव सांगितलं नाही. विचारायचो आणि थांबायचो. कुणी शेजारणीच्या कानात सांगे, कुणी देवाकडे तोंड करून बोले, कुणी रडत रडत थेट घेई. वेळ लागायचा तो मिनिटभर. एकाही बाईनं नाव सांगितल्याशिवाय मला परत पाठवलं नाही. प्रत्येक वेळी मला अंबीची ती सहा दिवसांत सुजत गेलेली बोटं दिसायची. नव्या लोकांना मी हीच रीत घालून दिली आणि ते मला फार काटेकोर माणूस समजायचे.

कृष्णराव दोन वर्षांपूर्वी वारले. राजा तिरुच्चीला नोकरीत आहे, हात नीट बसला. पद्माबाई आणि रुक्मिणीबाई अजून त्याच घरात, दोन बाजूंना राहतात. मधलं दार बंद असतं. सणालाही उघडत नाही.

हे सगळं मी आज पहिल्यांदाच कागदावर आणलं. मन हलकं होईल असं वाटलं होतं, पण लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की मी इथेही लबाडीच केली आहे. मी लहानपणी सोलापूरला मामांकडे शिकलो म्हणून मला देवनागरी येते. त्या घरात कुणालाच येत नाही. पुरुष तमिळ वाचतात आणि त्या दोघी बायका तेवढंही नाही. हा अंक त्यांच्या ओसरीवर पडला तरी कुणी उचलून वाचणार नाही, हे मला पहिलं वाक्य लिहितानाच ठाऊक असणार. बोललेली मराठी मात्र दोघींनाही सगळी समजते. माझ्या घरापासून त्यांचं घर चालत दहा मिनिटांवर आहे. आज सकाळीही मी भाजी घेऊन त्याच दारावरून आलो.